गच्चीवरची टोपली

आगेरा हा आपल्या वसईच्या धर्मग्रामांतील कृतज्ञतेचा सण. ऑक्टोबरच्या आरंभी भाताची नवी कणसे वाजतगाजत चर्चमध्ये आणावयाची, धर्मगुरूने त्यांना आशीर्वाद द्यावयाचा आणि मग एकेक कणीस प्रत्येकाने घरी नेऊन आल्तारापाशी लावून ठेवावयाचे, ही रीत आमच्या आजोबांच्याही आधीपासून चालत आलेली. काही वर्षांपूर्वी ह्या सणाच्या मिस्सामध्ये एक लहानशी गोष्ट घडली. तिने आमच्या मनात जे घर केले ते अद्याप सोडलेले नाही.

अर्पणाच्या वेळी कणसांच्या मागोमाग एक कुटुंब पुढे आले. आईबाप आणि दोन मुले. स्टेशनजवळच्या एका इमारतीत सहाव्या मजल्यावर राहणारे. धाकट्या मुलीच्या हातात वेताची टोपली होती. तिच्यात दहा-बारा कोवळ्या भेंड्या, एक दुधी, अळूची चार पाने आणि मायाळूची एक जुडी. हे सारे त्यांनी इमारतीच्या गच्चीवर पिकविले होते. आम्ही ती टोपली कणसांच्या शेजारी ठेवली आणि पुढच्या प्रार्थनेला लागलो.

मिस्सा आटोपल्यावर चर्चच्या पटांगणात एका वृद्ध शेतकऱ्याने आम्हांला गाठले. धर्मग्रामात अजून स्वतःच्या हाताने वाडी करणारे जे मोजके लोक उरले आहेत, त्यांपैकी ते एक. ते म्हणाले, "फादर, आगेराला भूमीचे फळ आणतात. ते तर स्लॅबचे फळ होते." भोवतालची माणसे हसली. आम्हीही हसलो. पण त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हते, हे आमच्या उशिरा ध्यानात आले.

भूमीचे फळ कशाला म्हणावे? ज्यांनी भूमी विकली त्यांनी गच्चीवर चार कुंड्या लावून भूमीचे फळ अर्पण करण्याचा अधिकार मिळविला, असे समजावे काय? वरकरणी हा प्रश्न भाजीपाल्याचा दिसतो. पण तो आपल्या सद्सद्विवेकाचा आहे. आज आपल्या गच्च्यांवर, सज्ज्यांत, खिडक्यांच्या गजांवर भाज्या वाढविण्याची जी हौस दिसते आहे तिच्याविषयी कौतुकाचे शब्द पुष्कळ बोलले जातात. ते कौतुक खरे किती आणि स्वतःची समजूत किती, हे आम्हांला येथे तपासावयाचे आहे. आणि तपासणी दुसऱ्याच्या घरापासून नव्हे, तर स्वतःच्या घरापासून सुरू केली पाहिजे.

आमच्या वडिलांची वाडी होती. फार मोठी नव्हे, पण घर चालविण्याइतकी. राजेळी केळी, पानवेली, कुंपणाच्या कडेने नारळ आणि मध्ये भाजीचे वाफे. विहिरीवर पूर्वी रहाट होता, पुढे पंप आला. पहाटे भाजीची पाटी घेऊन आई पहिल्या गाड्यांपैकी एखादीने मुंबईला जाई. आमच्या सेमिनरीच्या शिक्षणाची फी त्या पाटीतून गेलेली आहे. वडील गेल्यानंतर, १९९९ साली, भावांनी वाडी इमारतीसाठी द्यावयाचे ठरविले. विहिरीचे पाणी मचूळ झाले होते, गडी मिळत नव्हते, मुलांची शिक्षणे समोर उभी होती. त्यांना दोष द्यावा असे आम्हांला तेव्हाही वाटले नाही, आताही वाटत नाही. आमचाही वाटा होता. भावाने हक्कसोडपत्र पुढे केले आणि आम्ही एका शब्दानेही न विचारता सही केली. त्या दिवशी सायकलवरून परत येताना आमच्या मनात एक हलके समाधान होते. धर्मगुरूने ऐहिक संपत्तीची आसक्ती धरू नये, हे आम्ही शिकलो होतो आणि ते आम्ही पाळले, अशी आमची भावना होती.

तो त्याग होता की जबाबदारी टाळणे होते? त्या आगेराच्या रात्री हा प्रश्न आम्हांला प्रथमच नीट पडला.

जुन्या करारात भाजीच्या मळ्याची एक गोष्ट आहे. १ राजे ह्या पुस्तकातील नाबोथाची कथा आपण सर्व जाणतो. पण तिच्यातील एक तपशील आपल्या नजरेतून निसटतो. इज्रेल येथे राजवाड्याला लागून नाबोथाचा द्राक्षमळा होता. अहाब राजाला तो हवा होता. कशासाठी? वाड्यासाठी नव्हे, तटबंदीसाठी नव्हे, भाजीपाला लावण्यासाठी! त्याने मोबदलाही देऊ केला. ह्याहून चांगला मळा देतो, नाहीतर रोख किंमत देतो, असे तो म्हणाला. नाबोथाने वाडवडिलांचे वतन देण्यास नकार दिला. पुढे ईजबेल राणीने खोटे साक्षीदार उभे केले, नाबोथाला दगडमार झाला आणि मळा राजाच्या ताब्यात आला. तेव्हा एलिया संदेष्टा त्या मळ्यातच जाऊन राजापुढे उभा राहिला.

ह्या कथेतून दोन गोष्टी निघतात. पहिली ही की, भाजीचा मळा म्हणून कोणताही मळा आपोआप निष्पाप ठरत नाही. हिरवेपणा हे पुण्याचे प्रमाणपत्र नव्हे. ज्या जागेवर तो उभा आहे ती जागा कशी आली, हे विचारलेच पाहिजे. दुसरी गोष्ट अधिक बोचणारी आहे. वसईतही जमिनींवर दडपणे आली, हे खरे. १९८० नंतरच्या दशकात हरित वसईसाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जे आंदोलन उभे केले ते उगाच नव्हते. पण आमच्यापैकी अनेकांच्या दारात कोणी अहाब आला नाही, खोटे साक्षीदार आले नाहीत, कोणी दगड उचलला नाही. आमच्या घरातल्या नाबोथाने आपणहून सही केली. आणि त्या सह्यांपैकी एक आमची होती.

ह्यावर कोणी म्हणेल, "मग फादर, गच्चीवरचा मळा म्हणजे केवळ पश्चात्तापाचे सोंग काय?" तसे आम्हांला वाटत नाही. पण तो काय आहे हे कळण्यासाठी आधी गच्ची काय पेलू शकते आणि काय नाही, हे नीट पाहिले पाहिजे. नीतिविचार वस्तुस्थितीला सोडून चालू लागला की तो भाबडा होतो.

स्तोत्रसंहितेच्या १२९ व्या स्तोत्रात धाब्यावर उगवलेल्या गवताचा दृष्टान्त आहे. पॅलेस्टाईनमधील घरांची छपरे सपाट, मातीने लिंपलेली असत. पावसात त्यांवर गवत उगवे. पण मुळांना खोली नसल्यामुळे ते वाढण्याआधीच सुकून जाई. कापणाऱ्याची मूठही त्याने भरत नसे. स्तोत्रकर्त्याने हे दुष्टांच्या भरभराटीविषयी म्हटले आहे. पण छपराच्या शेतीचे मर्मही त्यात आले. छपराला सूर्य भरपूर असतो, पण खोली नसते.

खोली वाढवावयाची म्हटले तर वजन वाढते. ओल्या मातीचा सहा इंचांचा थर गच्चीभर पसरला तर दर चौरस मीटरला अडीचशे किलोंहून अधिक भार होतो. आपल्याकडील बांधकामाच्या मानकांनुसार ज्या गच्चीवर माणसांची ये-जा असते तिच्यासाठी स्लॅबच्या स्वतःच्या वजनाखेरीज दर चौरस मीटरला १५० किलोंच्या आसपास भार धरलेला असतो. म्हणजे वाडीतली माती पोत्यांनी वर नेणे हे प्रेमाचे कृत्य असले तरी शहाणपणाचे नव्हे. म्हणूनच ज्यांनी ह्या विषयाचा खरा अभ्यास केला त्यांनी माती जवळजवळ वगळली. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी ह्यांनी उसाची चिपाडे, पालापाचोळा आणि स्वयंपाकघरातला ओला कचरा प्लास्टिकच्या पिशव्यांत भरून त्यावर भाज्या व फळझाडे वाढविली. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर तेथील अधिकारी प्रीती पाटील ह्यांनी २००२ च्या सुमारास स्वयंपाकघरातल्या टाकाऊ भाजीपाल्यापासूनच बाग उभी केली. जो कचरा उचलून फेकावयाचा, त्यानेच वरच्या मजल्यावर भाजी दिली. कोल्हापूरचे प्राध्यापक श्रीपाद दाभोळकर हे तर मूळचे गणिताचे. शेती म्हणजे पानांनी केलेली सूर्यप्रकाशाची कापणी, अशी त्यांची दृष्टी होती. ही दृष्टी एकदा मनात ठसली की मोकळ्या गच्चीकडे पाहण्याची नजरच बदलते. दररोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत परमेश्वर तेथे ऊन ओततो आणि आपण ते स्लॅब तापविण्याच्या कामी लावतो!

जागा आडवी नसेल तर उभी वापरता येते, हे आपल्या पूर्वजांना सांगावे लागले नव्हते. पानवेल, पडवळ, शिराळे, घोसाळे, वाल ही सारी मांडवाची किंवा आधाराची पिके. एका टोपात रुजलेला वेल भिंतभर चढतो. फळभाज्यांना निदान सहा तासांचे थेट ऊन लागते. पालेभाज्या तीन-चार तासांवरही भागवून घेतात. म्हणून गच्चीवर भेंडी आणि खिडकीच्या गजांवर मेथी, कोथिंबीर, माठ अशी वाटणी करता येते. एप्रिल-मे महिन्यांत हिरवी जाळी बांधावी लागते. पावसाळ्यात पाणी साचू नये म्हणून कुंडीच्या बुडाला भोके आणि त्यावर नारळाची सोडणे लागतात. हे सारे शिकता येते.

परंतु ह्या शेतीची मर्यादाही तितक्याच प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. माणशी दररोज किमान ४०० ग्रॅम फळे-भाज्या खाव्यात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. चौघांच्या कुटुंबाला ह्या हिशेबाने वर्षाला ५८४ किलो लागतील. तेवढे वीस-पंचवीस कुंड्यांतून निघत नाही. भात, डाळ, कांदा, बटाटा ह्यांचे तर नावच नको. गच्ची ही वाडीची जागा घेऊ शकत नाही. ज्या वृद्ध शेतकऱ्याने आम्हांला टोकले त्यांचे म्हणणे इथवर अगदी खरे आहे. "वाडी गेली तर काय झाले, वर बाग आहे ना!" असे जो म्हणेल त्याने स्वतःची फसवणूक करून घेतली आहे.

मग हा खटाटोप करावयाचा कशासाठी? आमच्या परिचयाचे एक निवृत्त शिक्षक फार स्पष्ट बोलतात. त्यांनी आम्हांला हिशेब मांडून दाखविला. कुंड्या, नारळाचा भुसा, बी-बियाणे, जाळी असा खर्च धरता त्यांच्या घरचा टोमॅटो बाजारातल्या टोमॅटोपेक्षा कितीतरी महाग पडला. "ही पोट भरलेल्यांची हौस आहे, फादर," ते म्हणाले. "शिवाय सगळ्यांनी गच्चीवर भाजी लावली तर आपल्या बाया पाट्या घेऊन जातात त्यांनी काय करावे?"

दोन्ही आक्षेप गंभीर आहेत. पहिल्याचे उत्तर आम्हांला दूरच्या एका वस्तीत सापडते. केनियाच्या नैरोबी शहरात किबेरा नावाची अतिशय दाट झोपडपट्टी आहे. तेथे गच्ची नाही, अंगण नाही. २००७ च्या अखेरीस झालेल्या निवडणुकीनंतर त्या देशात हिंसाचार उसळला आणि २००८ च्या आरंभी वस्त्यांमध्ये अन्न पोहोचणे कठीण झाले. त्या काळानंतर तेथे गोणीतली शेती पसरली. गोणीच्या मध्यभागी दगडांचा उभा स्तंभ रचावयाचा, भोवती माती व खत भरावयाचे, गोणीच्या बाजूंना भोके पाडून त्यांत रोपे लावावयाची. वरून घातलेले पाणी दगडांमधून खालपर्यंत झिरपते. दारातल्या हातभर जागेत एका गोणीवर तीस-चाळीस रोपे उभी राहतात. त्यांतली मुख्य भाजी म्हणजे कोबीच्या जातीची एक पालेभाजी. तिला स्वाहिली भाषेत 'सुकुमा विकी' म्हणतात. म्हणजे आठवडा पुढे रेटणारी. ज्यांना हे नाव सुचले त्यांना हौस म्हणजे काय हे ठाऊक नसावे. तेव्हा उभी शेती ही केवळ श्रीमंतांची गोष्ट नव्हे. मात्र आपण ती कोणत्या भावनेने करतो ह्यावर ती आपल्याकडे हौस ठरते की आणखी काही, हे अवलंबून आहे.

दुसऱ्या आक्षेपाचे उत्तर आम्हांला अनुभवाने मिळाले. गच्चीवर भाजी लावणारा माणूस बाजारातून भाजी घेण्याचे थांबवीत नाही, कारण त्याचे पुरतच नाही. पण तो वेगळ्या रीतीने घेऊ लागतो. त्या शिक्षकांनाच आम्ही विचारले, "तुमचा टोमॅटो इतका महाग पडला, मग बाजारात तो इतका स्वस्त कसा?" ते क्षणभर थांबले. स्वस्त भाजीच्या मागे कोणाचे तरी न मोजलेले श्रम असतात, पहाटेची मोडलेली झोप असते, कधी कधी फवारलेले विषही असते. ज्याने दोन महिने राखलेल्या वांग्याला एका रात्रीत मावा लागलेला पाहिला, त्याची पाटीवालीशी दोन रुपयांसाठी घासाघीस करण्याची जीभ उचलत नाही. आमची आई त्याच पाटीवाल्यांपैकी एक होती, म्हणून हे आम्ही ठामपणे सांगतो. गच्चीवरचा मळा कुटुंबाचे पोट भरत नाही. पण तो भाजीची खरी किंमत शिकवितो. न्यायाची पहिली पायरी म्हणजे वस्तूची खरी किंमत कळणे.

आता सर्वांत नाजूक प्रश्नाकडे वळू. गच्ची कोणाची?

आमच्या भावाच्या इमारतीत, म्हणजे आमच्या जुन्या वाडीच्याच जागेवर, आमची आई चौथ्या मजल्यावर राहते. वय ७८. वाडी दिली तेव्हा तिने घरातले फारसे काही मागितले नाही. कुंपणावरच्या मायाळूची एक काडी तेवढी ओल्या फडक्यात गुंडाळून घेतली. ती काडी आज गच्चीवरच्या जुन्या टबांतून वर चढली आहे. तिच्याभोवती हळूहळू अळू, भेंडी, मिरची, दुधी असा पसारा वाढत गेला. नातू संध्याकाळी पाण्याच्या बादल्या वर नेतो.

दोन पावसाळ्यांपूर्वी वरच्या मजल्यावरच्या एका घराचे छत गळू लागले. त्या घरात भाड्याने राहणारे एक कुटुंब होते आणि त्यांच्या तान्ह्या मुलाच्या अंथरुणावर पाणी ठिबके. सोसायटीच्या सभेत कुंड्या काढण्याचा ठराव आला. भावाने आम्हांला बोलावून घेतले. "तुम्ही फादर आहात, तुमचे ऐकतील," असे त्याचे म्हणणे. आईच्या बाजूने शब्द टाकण्यासाठी आम्ही गेलो, हे कबूल केले पाहिजे. पण ते ओले अंथरूण पाहिल्यावर तो शब्द तोंडातून निघेना.

अनुवाद ह्या पुस्तकाच्या २२ व्या अध्यायात एक छोटासा नियम आहे. नवे घर बांधशील तेव्हा छपराला कठडा कर, म्हणजे कोणी वरून पडून त्या घरावर रक्तपाताचा दोष येणार नाही, असा त्याचा आशय. इतक्या मोठ्या धर्मशास्त्रात छपराच्या कठड्यासाठी जागा काढलेली पाहून सेमिनरीत आम्हांला मौज वाटे. त्या दिवशी त्याचा अर्थ उमगला. छपरावर आपण जे करतो त्याचा परिणाम छपराखाली आणि छपराबाहेर असणाऱ्यांवर होतो, आणि त्याचे उत्तरदायित्व परमेश्वर आपल्याकडे मागतो. आजचा कठडा म्हणजे गळतीरोधक थर, कुंड्यांखालची वीट, वजनाचा हिशेब, आणि दर आठवड्याला कोरडी करावयाची थाळी. साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास आठ-दहा दिवसांत तयार होतो. ज्याच्या बागेमुळे शेजारचे मूल तापाने फणफणले, त्याने परमेश्वराच्या सृष्टीची सेवा केली असे म्हणता येणार नाही.

कठड्याबरोबरच दुसरा प्रश्न मालकीचा. इमारतीची मोकळी गच्ची सोसायटीच्या सर्व सभासदांची सामाईक असते. एकाने बाग करावी आणि इतरांनी दुरून पाहावे, हे सामाईक वस्तूचे खासगीकरण झाले. संत थॉमस अक्वायनस ह्यांनी तेराव्या शतकात मालमत्तेविषयी जो विचार मांडला तो येथे मार्गदर्शक आहे. वस्तू सांभाळण्याचा आणि वाटप करण्याचा अधिकार व्यक्तीकडे असू शकतो. पण तिचा उपभोग घेताना ती सर्वांची आहे असे समजून, गरजवंताला देण्याची तयारी ठेवूनच तो घ्यावा. पोप तेरावे लिओ ह्यांनी १८९१ साली आणि पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' ह्या परिपत्रकात हाच धागा पुढे नेला. मायाळूचे टब आईचे. पण त्यांवर पडणारे ऊन आणि त्यांना पेलणारा स्लॅब तिचा एकटीचा नव्हे.

तोडगा निघाला, पण एका दिवसात नव्हे. प्रथम सर्व कुंड्या हलविल्या गेल्या. आईने त्या दिवशी जेवण घेतले नाही. एका अभियंत्याला दाखवून गळतीची जागा शोधली. मूळ चीर जुनी होती, पण कुंड्यांच्या ओलाव्याने ती वाढली होती, असे तो म्हणाला. खर्चाचा मोठा वाटा भावाने उचलला. मग मोजक्या कुंड्या हलक्या मिश्रणाने भरून, विटांवर उचलून, भिंती आणि तुळयांच्या रेषेत परत ठेवल्या. आणि एक नियम झाला: ज्याला भाजी हवी त्याने पाणी घालावयाचे, आणि पहिली तोड खालच्या त्या भाडेकरू कुटुंबाची. हा शेवटचा नियम सोसायटीचा नव्हे, आईचा.

त्या काळात एका संध्याकाळी आम्ही तिच्याजवळ रिकाम्या गच्चीवर बसलो होतो. वाडीचा विषय निघाला. आम्ही आमच्या सहीची गोष्ट काढली आणि म्हटले, "आई, मला त्यातले काही नको होते, म्हणून मी सोडून दिले." तिने आपल्या बोलीत जे उत्तर दिले त्याचा आशय असा: तुला नको होते हे खरे, फादर. पण नको असलेली वस्तू सोडताना सोपे जाते. ती कोणाला हवी होती, हे तू विचारले नाहीस.

आम्हांला ह्यावर काही बोलता आले नाही. सेमिनरीत त्यागावर पुष्कळ व्याख्याने ऐकली; पण त्याग आणि बेपर्वाई बाहेरून एकसारख्या दिसतात, हे आम्हांला कोणी सांगितले नव्हते. हातातली वस्तू दोन्हींत सुटते. फरक एवढाच की, त्याग करणारा ती वस्तू कोणाच्या हाती जाते आहे ते पाहून हात उघडतो. आमची सही वाडी वाचवू शकली असती असे नव्हे; भाऊ कदाचित तरीही ठाम राहिले असते. पण निदान विहीर बुजवू नका, कडेची झाडे ठेवा, आईला खाली हातभर जमीन ठेवा, एवढे म्हणण्याचा अधिकार त्या वाट्यात होता. तो आम्ही वापरला नाही आणि त्यालाच वैराग्य म्हटले.

म्हणून त्या वृद्ध शेतकऱ्याला आता आम्ही हे उत्तर देऊ. बाबा, तुमचे खरे आहे. गच्चीवरची टोपली विकलेल्या वाडीचे प्रायश्चित्त नव्हे. भेंडीच्या दहा शेंगांनी ते ऋण फिटत नाही. पण ऋण फिटत नाही म्हणून ते आठवूच नये काय? ज्या मुलीने ती टोपली धरली होती तिने बी रुजताना पाहिले आहे, मुळाला पाणी कमी पडले की पान कसे मान टाकते हे तिला ठाऊक आहे. उद्या तुमची वाडी विकावयाचा प्रश्न गावापुढे येईल, तेव्हा 'तिथे काय आहे, नुसती झाडेच तर आहेत' असे ती मुलगी म्हणणार नाही. जी जमीन गेली ती गच्ची परत आणत नाही. जी उरली आहे ती राखणारी माणसे मात्र गच्चीवर घडू शकतात. आणि तशी माणसे जिथे घडत नाहीत, जिथे वरची बाग खालच्या वाडीचा विसर पाडते, ती बाग अहाबाच्या मळ्याची धाकटी बहीण समजावी.

गेल्या आगेराला आम्ही एक लहानसा पायंडा पाडला. कणसांच्या शेजारी गच्चीवरच्या भाजीलाही जागा ठेवली. पण ती घेऊन कोण येणार, हे त्या वृद्ध शेतकऱ्यांनाच ठरवावयास सांगितले. ते थोडा वेळ विचारात पडले. मग त्यांनी आपल्या वाडीतल्या केळीचे एक पान कापून आणले, सहाव्या मजल्यावरच्या मुलीला बोलाविले आणि ते पान तिच्या टोपलीत अंथरून त्यावर भाजी रचली. दोघे मिळून ती टोपली पुढे घेऊन आली.

मिस्सानंतर ती भाजी धर्मग्रामातील तीन गरजू घरी गेली. आमच्या आईने त्या दिवसासाठी मायाळूच्या काड्यांची एक जुडी पाठविली होती. पाने खुडलेल्या नुसत्या काड्या. ज्यांना हव्या असतील त्यांनी रुजवाव्यात, असा तिचा निरोप होता. त्यांतली एक आम्ही चर्चच्या घराच्या मागे, जमिनीत लावली आहे.